ओटा उंच झाला तेव्हा

दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ ते ८७ सेंटिमीटर असते. आपल्या स्वयंपाकघरातला ओटा बत्तीस ते चौतीस इंच, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटर उंच असतो. मूल ओट्यापाशी उभे राहिले की त्याचे डोळे कडप्प्याच्या कडेखाली राहतात. हात वर केला तर बोटे मात्र वर पोचतात. म्हणजे दिसत काही नाही, आणि हाताला लागते सगळे. चहाचे भांडे, कुकर, कढईचा दांडा, सुरी. आई पोळ्या लाटत असते आणि ते तिच्या ओढणीला नाहीतर पदराला लोंबकळत ‘मला पाहू दे’ म्हणून रडत असते. घरोघरी चालणारा हा तमाशा आपण लेकराचा हट्ट म्हणून सोडून देतो. मला त्यात थोडा इतिहास दिसतो. हे लेकरू आपली हरवलेली जागा मागत असते.

जागा कशी हरवली, ते आमच्या चांदूर बाजारच्याच घरापासून सांगतो. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या दशकात, आमच्या मोहल्ल्यात काय किंवा पलीकडच्या कुणब्या-माळ्यांच्या वस्तीत काय, स्वयंपाक बसून होत असे. कोणाकडे त्याला बावर्चीखाना म्हणत, कोणाकडे सैपाकघर. आतली मांडणी एकच. मातीची चूल, तिच्या बाजूला वैल, पुढ्यात पाट, डाव्या हाताला पऱ्हाट्यांची मोळी. कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्या आणि तुराट्या हेच वऱ्हाडचे सरपण. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, काठवट जमिनीवर, आणि जेवायला दस्तरखान अंथरायचा तोही जमिनीवरच. घरातले सगळ्यांत लहान माणूसही जमिनीवरच असते. बसलेल्या आईचे डोळे आणि उभ्या लेकराचे डोळे एका रेषेत येत. आपण त्या घराची फारशी न सांगितलेली गोष्ट ही आहे.

त्या घरात लेकराला काम मिळायचे. कोणी ठरवून शिकवत नसे. भाकर थापताना परातीच्या कडेला उरलेल्या पिठाचा गोळा त्याच्या हातात दिला जाई. त्याने थापलेल्या वेड्यावाकड्या भाकरीला चानकी म्हणतात. ती तव्यावर एका कोपऱ्यात भाजली जाई आणि ज्याची त्याला खायला मिळे. भाजी निवडताना सांभाराच्या काड्या (वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी लक्षात घ्यावे, नाहीतर डाळ-भाजीचा घोटाळा होईल) मोडून द्यायचे काम तीन वर्षांचे मूलही करी. आणि उन्हाळ्यातल्या वाळवणाचे तर विचारू नका. आमच्याकडे ईदच्या शेवया, शेजारी कुरड्या, पापड, सरगुंडे. सरगुंडे म्हणजे कणकेची वळी बारीक काडीवर गुंडाळून करायचा पदार्थ, आमरसासोबत खातात. मोठ्या बायका वळायच्या, आम्ही पोट्ट्यांनी काड्या पुरवायच्या. शेजारच्या काकूंचा आवाज अजून कानात आहे : “अवं, सरक थोडी, त्या पोट्टीले बसू दे.” त्या एका वाक्यात लेकराला जागा करून देणे आले.

पण या आठवणींवर साखर पेरणारा लेखक मी नव्हे. बसक्या स्वयंपाकघराने जितकी लेकरे जवळ घेतली, तितकीच भाजलीही. चूल म्हणजे जमिनीवरचा उघडा जाळ. वैलावर उकळती डाळ, राखेत दडलेला निखारा, उभ्या पात्याची विळी, आणि तिथेच रांगणारे बाळ. आमच्या पिढीत ज्यांच्या हातावर किंवा मांडीवर भाजल्याचा जुना डाग आहे, अशी माणसे कोणत्याही गल्लीत सापडतील. शिवाय धूर. शिवाय बाईचे गुडघे आणि कंबर. सोवळ्याच्या घरांत लेकरू चुलीजवळ फिरकणेच अवघड. शिवाशिवीच्या वेडाने घर कसे गांजून जाते ते लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांविषयी लिहून ठेवले आहे. आणि मुलगा-मुलीचा भेद होताच. पाच-सहा वर्षांचा झालो तसा मला चुलीपासून उठवून बाहेर पाठवण्यात आले. बहीण बसून राहिली, तिची चानकी हळूहळू घरादाराची भाकर झाली. तिला ते काम आवडत होते का, हे कोणी विचारले नाही. लेकराला कामात घेणे आणि लेकराकडून काम करून घेणे, यांत फरक आहे. जुन्या घराने तो नेहमी पाळला असे म्हणता येणार नाही.

मुळात स्वयंपाक करताना, कामावर असताना या चिमुरड्याचे करायचे काय, हा प्रश्न गरिबाच्या घरात फार जुना आणि फार कठीण. कोणी त्याला कमरेला धडपा बांधून खाटेच्या पायाशी अडकवी. कोणी मोठ्या मुलीच्या काखेला देई, म्हणजे तिची शाळा गेली. मुंबईच्या गिरणगावात कामकरी आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन झोपवत, हे १९२० च्या दशकातल्या सरकारी अहवालांत नोंदले आहे. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. कारखान्याच्या भोंग्याने त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

असाच प्रश्न रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत उभा राहिला होता. आई-बाप कामावर, आणि मागे राहिलेली लहान मुले नव्याने दुरुस्त केलेल्या चाळींच्या भिंती खराब करतात, म्हणून घरमालक संस्थेने त्यांना एका खोलीत जमवायचे ठरवले. ती खोली मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंकडे सोपवण्यात आली. तारीख ६ जानेवारी १९०७. या बाईंनी केलेली एक गोष्ट आज अगदी साधी वाटते : वस्तू मुलांच्या उंचीवर आणल्या. मुलाला उचलता येईल इतकी हलकी खुर्ची, बुटके टेबल, बुटके हात धुण्याचे तस्त. पाणी ओतणे, टेबल मांडणे, झाडणे, पुसणे ही खरीखुरी कामे. आणि बशा काचेच्या, फुटणाऱ्या. फुटणारी वस्तू दिली की मूल जपून धरायला शिकते, पत्र्याची दिली की आपटायला, असा त्यामागचा विचार.

हा विचार मराठीत ज्यांनी आणला, त्या ताराबाई मोडक आमच्या अमरावतीत काही वर्षे संसार करून गेल्या, हे आम्हा वऱ्हाडी लोकांच्या फारसे लक्षात नसते. १८९२ साली जन्मलेल्या, पदवीधर, प्रार्थना समाजाच्या घरातल्या या बाई लग्न होऊन अमरावतीला आल्या, यजमान वकील. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहानग्या मुलीला घेऊन त्या काठेवाडात गेल्या, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य झाल्या, आणि १९२३ मध्ये ती मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये त्या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. इथपर्यंतची गोष्ट शहरी, शिकलेल्या घरांची.

पुढची गोष्ट मोठी आहे. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र उघडले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी साधने महाग, आणि वारल्यांच्या पाड्यावर त्यांचा उपयोगही काय? मग शिंपले, बिया, पाने, दगड, चिंचोके हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा प्रयोग तिथलाच. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे त्यांना काखेतल्या भावंडांचा प्रश्न पुन्हा भेटला. मोठी मुलगी शाळेत यायची तर लहान भाऊ सोबत येणारच. तेव्हा विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज खेडोपाडी अंगणवाडी म्हटले की खिचडी आणि वजनकाटा आठवतो. शाळेनेच खाली वाकून लेकराच्या अंगणात यायचे, हा त्या शब्दातला मूळ अर्थ मागे पडला आहे.

बालवाडीत असे सगळे लेकराच्या उंचीवर उतरत होते, त्याच काळात घरातला स्वयंपाक वर चढत होता. दोन्ही गोष्टी एकाच शतकात घडल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत.

उभ्या स्वयंपाकघराचा प्रसिद्ध नमुना जर्मनीतला. १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी घरे बांधायला घेतली, तेव्हा मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या तरुण स्त्री-वास्तुविशारदाने एक छोटे, आटोपशीर स्वयंपाकघर आखले. बाईची पावले मोजून, हात कुठे पोचतो ते पाहून प्रत्येक वस्तू बसवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. जागा फक्त साडेसहा चौरस मीटर, जेमतेम एका माणसाची. मग मुलांचे काय? तर मधे सरकते दार ठेवले, त्यातून आईने पलीकडच्या खोलीत खेळणाऱ्या मुलांवर नजर ठेवावी. बाईंच्या कष्टांचा इतका बारीक विचार करणाऱ्या या वास्तुविशारदेने (पुढे तिने बालवाड्यांच्या इमारतीही आखल्या) मुलाला दाराबाहेर ठेवले, तेही प्रेमानेच. कामाच्या जागेतून लेकरू बाहेर गेले ते इथे अगदी नकाशावर दिसते.

आपल्याकडे हा नकाशा आला तो सिलिंडरच्या पाठीवर बसून. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास मिळू लागला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यात दिली गेली. आमच्या तालुक्याच्या गावी तो पोचायला पुढची वीस वर्षे लागली. आमच्या घरी आला तेव्हा मी कॉलेजात होतो. शेगडी जोडायला आलेला माणूस पहिलीच गोष्ट बोलला की शेगडी सिलिंडरपेक्षा उंच जागी हवी. त्यात तथ्य आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. तिथे जाळ नको. म्हणून आधी लाकडी टेबल आले, मग विटांचे खांब घेऊन कडप्प्याचा ओटा, मग ग्रॅनाइट. अम्मी पाटावरून उठली ती कायमची. धूर गेला, गुडघे सुटले, भांडी काळी होईनात. तिच्या चेहऱ्यावरचा तेव्हाचा आनंद मी पाहिला आहे, त्यामुळे चुलीचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गावोगाव जोडण्या गेल्या, आणि झोपडीतही शेगडीसाठी एखादा कट्टा उभा राहू लागला. हे चांगलेच झाले.

फक्त या सगळ्या हिशेबात ओट्याची उंची उभ्या बाईच्या कोपरावरून ठरली. लेकराचे माप कोणी घेतले नाही. ते खाली राहिले. त्याच्या हातात आधी खेळण्यातली भातुकली दिली गेली आणि आता मोबाइल.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. २००६ मध्ये जर्मनीतल्या लायपझिगच्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि त्याचा हात पोचत नाही. समोरचे दीड वर्षाचे मूल, कोणी न सांगता, बक्षीस नसताना, चिमटा उचलून देते. बहुतेक मुलांनी एकदा तरी अशी मदत केली. म्हणजे मदत करण्याची ओढ त्या वयात असतेच, ती शिकवावी लागत नाही. आपण मात्र ‘हो बाजूला, भाजेल’ असे दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि तेच मूल बारा वर्षांचे झाले की ताट उचलत नाही म्हणून तक्रार करतो. विशेषतः मुलाबद्दल. त्याला तर आपण दोनदा उठवलेले असते, एकदा ओट्याने आणि एकदा मुलगा म्हणून.

तेव्हा लेकराला वर घ्यावे कसे, हा प्रश्न उरतो, आणि तो सुताराचा आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे कोपर ओट्याच्या पातळीवर यायचे तर त्याला साधारण फूटभर उंची द्यावी लागते. प्लॅस्टिकचे स्टूल नको, ते ओल्या फरशीवर सरकते. खुर्ची उलटी करून उभे करणेही नको. मूल पाठीवर रेलते आणि खुर्चीसकट जाते. खाली पाय पसरलेली, चौरंगासारखी भक्कम बैठक आणि चारी बाजूंनी छातीपर्यंत कठडा असलेली लाकडी चौकट हवी. शहरांत अशा तयार चौकटी मिळतात; आपल्या गावचा सुतार त्या सहज करतो, फक्त फटीत मान अडकणार नाही एवढे त्याला सांगावे.

ती ठेवायची कुठे, हे लाकडापेक्षा महत्त्वाचे. परदेशी पुस्तके सांगतात की गरम भांडे मागच्या चुलीवर ठेवा. आपल्या शेगडीला बहुधा मागची चूलच नसते. दोन्ही बर्नर शेजारी-शेजारी, कडेपासून सारख्याच अंतरावर. म्हणून आपल्याकडचा उपाय एकच : लेकरू बेसिनच्या टोकाला, शेगडी दुसऱ्या टोकाला, मधे त्याचा पसरलेला हात दोनदा मावेल एवढी जागा. ओटा तेवढा लांब नसेल तर गॅस बंद असतानाच त्याला चढवावे. दांडे आतल्या बाजूला, मिक्सरची पिन काढलेली, सुरी आणि किसणी वरच्या फळीवर. काम संपले की चौकट स्वयंपाकघराबाहेर. नाहीतर दुपारी आई पडलेली असताना ते स्वतःच चढेल आणि थेट शेगडीच्या बटणाला हात घालील. कडेवर घेऊन फोडणी तर कधीच देऊ नये. इतके करूनही कधी चटका बसलाच, तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. आमच्याकडे शाई लावायची फार जुनी खोड आहे. भाजलेली जागा मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर असेल, तर तडक दवाखाना.

कामे मात्र भरपूर आहेत. तांदूळ धुणे हे सगळ्यांत लाडके, अर्धे पाणी अंगावर. मेथी निवडणे, भेंडी पुसणे, कणकेत पाणी ओतणे. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’त मापे वाटी-चमच्याची आहेत, तीन वर्षांच्या मुलाला ‘दोन वाट्या’ मोजता येतात, दोनशे ग्रॅम नाही. हिवाळ्यात आमच्याकडे संत्र्यांचे ढीग असतात, ती सोलायला द्यावीत. भुईमुगाच्या शेंगा मात्र चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नयेत. आम्ही लहानपणी फोडल्या हे खरे, पण दाणा श्वासनळीत अडकला की मिनिटांचा खेळ असतो. हिरव्या मिरचीचेही तसेच, तो हात पुढच्या क्षणी डोळ्यात जातो.

आणि चौकट करायला पैसे नसतील तर? मग काम खाली आणावे. ओट्यावरून परात उचलायची, फरशीवर सतरंजी टाकायची आणि भाजी निवडायला, लाट्या करायला सगळ्यांनी गोल बसायचे. गॅस वरच राहू द्या. घरातल्या पुरुषांनी बसायलाही हरकत नाही; सतरंजी पुरते.

मागच्या वर्षी माझ्या नातीसाठी मी गावातल्या सुताराकडे अशी चौकट सांगायला गेलो. ओळखीचा माणूस, मी त्याला मामू म्हणतो. कागदावर काढून दाखवले तर म्हणाला, “ये क्या है चाचा, कठघरा?” मी कशासाठी ते सांगितले. तो थोडा वेळ लाकडाकडे पाहत राहिला, मग आतून आपल्या धाकट्या पोराला हाक मारली, भिंतीला उभे केले, कोपराजवळ पेन्सिलीची खूण केली आणि टेपने मोजली. आठ दिवसांनी गेलो तेव्हा त्याच्या दुकानात एकाऐवजी दोन चौकटी तयार होत्या.